साहेब येईपर्यंत

साहेब, तुम्ही एका म्हाताऱ्या बाईला मारलंत. हत्यार वापरलं नाहीत, हातही लावला नाहीत. जेवायला वेळ लावलात आणि तेवढ्यात ती मेली. हे वाचून तुम्हाला राग येईल, कारण ती बाई तुम्हाला आठवतच नसणार. चाकाच्या खुर्चीत लाल जाकीट घालून बसली होती. नर्सला मखमली पताका देता देता रडली, तेव्हा तुम्हीही डोळे पुसलेत आणि कॅमेरेवाल्याने तो क्षण बरोबर पकडला. फोटो छान आला. फक्त खुर्चीच्या खालचं काही फोटोत आलं नाही, ते आता ऐका.

तिचं नाव मेंग सूचेन. नदीकाठच्या थर्मासच्या कारखान्यात तिचं आयुष्य गेलं. कारखाना बंद पडला तशी ती चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन बसली, पण तिच्या जिभेला कोणी टाळं लावू शकलं नाही. खाली भाजीवाला ओरडला की वरून ही खिडकीतून त्याच्या भाजीची अब्रू काढायची. मुलगा येन चीपिंग शहर बसचा ड्रायव्हर. सून नातवंडं सांभाळायला दूर किनाऱ्यावरच्या शहरात, लेकीकडे. म्हणजे घरात ही आणि तो, दोघंच.

वसंतात जिन्यात पाय घसरला आणि म्हातारीच्या खुब्याचं हाड मोडलं. वय बघून मोठ्या इस्पितळाने हात वर केले, घरी न्या म्हणाले. चीपिंग पहाटे कामावर जायचा तेव्हा उशाशी पाणी, पेजेचा डबा आणि लघवीचं भांडं ठेवून जायचा. पोरगा वाईट नव्हता. पण आईला कुशीवर वळवायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हातारी उताणी ती उताणीच. माकडहाडावर आधी लाल चट्टा उठला, मग फोड आला, मग खड्डा पडला. खड्डा असा की अक्रोड ठेवला असता तर बसला असता.

तेव्हा वस्तीच्या आरोग्य केंद्रातून दू हुइलिंग आली. घरोघर जाऊन पेशंट बघणारी कंत्राटी नर्स. अंगाने किडकिडीत, बोलायला घुमी, चालायला मात्र वारा.

"कोणी पाठवलं तुला?" म्हातारीने विचारलं.

"केंद्राने, आजी. जखम बघायची आहे."

"बघ, बघ. तिकीट नाही लावलेलं. तरुणपणी ह्याच ढुंगणाच्या मागे अख्खं पॅकिंग खातं रांगेत असायचं. आता एकटी तू."

हुइलिंग हसली नाही. चादर उचलली, वास आला, तरी तिने नाक मुरडलं नाही. म्हातारीने ते पाहिलं आणि त्या दिवसापासून ती हिच्या बाजूची झाली.

उन्हाळाभर हुइलिंगने ती जखम राखली. सडलेलं मांस चिमट्याने काढलं, जखम धुतली, आत पट्टी भरली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चीपिंगला आई कशी वळवायची, गुडघ्यांमध्ये उशी कशी घालायची ते शिकवलं. तो कामावर असेल तेव्हा कोण वळवणार? त्यासाठी लियाओ काकू धावून आल्या. लियाओ काकू म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण आणि केंद्राच्या स्वयंसेवकांच्या म्होरक्या. त्यांच्या पलटणीतल्या साऱ्या बाया लाल बिनबाह्यांची जाकिटं घालतात, म्हणून वस्तीत त्यांना लाल जाकीटवाल्याच म्हणतात. ह्या बायांनी पाळ्या लावल्या. सकाळची बाई उजवीकडे वळवून जायची, दुपारची डावीकडे. म्हातारी म्हणायची, "मला पोळी समजतात. दोन्ही बाजूंनी भाजल्याशिवाय उतरवायच्या नाहीत."

लियाओ काकू बाजारातून जिवंत मरळ मासळी आणून तिचं कढण करायच्या. मरळीच्या कढणाने जखम भरते, ह्यावर आमच्या वस्तीत डॉक्टरसुद्धा विश्वास ठेवतात. कढणाने असो की हुइलिंगच्या हाताने असो, झाडांची पानं गळायला लागली तेव्हा खड्डा भरून आला. वर नवी कातडी धरली, गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ.

हुइलिंगने त्या दिवशी चीपिंगला आणि काकूंना समोर उभं करून बजावलं, "भरली म्हणजे पक्की झाली असं नाही. खालचं मांस कच्चं आहे. ह्या जागेवर बसवायचं नाही. बसवलंच तर खाली रबरी हवेची चकती घालून, घटकाभर. पुन्हा उघडली तर ह्या वयात परत भरायची नाही."

"म्हणा," काकू चीपिंगला म्हणाल्या, शाळेतल्यासारख्या. "बसवायचं नाही."

"बसवायचं नाही," पन्नाशीचा ड्रायव्हर म्हणाला.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. मग वर्षअखेर आली आणि तुमच्या कचेरीला उत्कृष्ट माणसं हवी झाली.

केंद्राच्या प्रमुख फेई मॅडम. त्यांच्या खोलीच्या भिंती दिसत नाहीत, इतक्या पताका टांगलेल्या. बरा झालेला पेशंट डॉक्टरला अशी पताका आणून देतो, लाल मखमल, पिवळी झालर, सोनेरी अक्षरांत आभार. ही रीत जुनी आणि गोड होती. मग वरच्यांनी पताका मोजायला सुरुवात केली आणि गोडी गेली. फेई मॅडम आपल्या पताकांकडे, सासू सुनेच्या अंगावरचे दागिने बघते तशा बघायच्या.

"हुइलिंग, बस. तुझं नाव पाठवलंय. कर्मचाऱ्यांत तू, स्वयंसेवकांत लियाओ काकू. जिल्ह्याचा गौरव आहे, साहेब स्वतः येणार."

हुइलिंग कंत्राटावर आली तेव्हा मुलगी होती, आता तिची मुलगी शाळेत जात होती. दरवर्षी कंत्राट संपायच्या सुमाराला तिची झोप उडायची. उत्कृष्ट ठरलेल्याला कायम करतात. पण पस्तिशीच्या आत. यंदा तिचं चौतिसावं सरत होतं. हे दार आता उघडलं तर उघडलं, नाहीतर डाग देऊन कायमचं बंद.

"एकच आहे," मॅडम म्हणाल्या. "गेल्या वर्षी पलीकडच्या केंद्राने पेशंटच स्टेजवर आणला. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने पताका दिली, साहेब गहिवरले. बक्षीस त्यांनी मारलं. यंदा तुझी मेंग आजी स्टेजवर हवी."

"तिला बसवता येत नाही, मॅडम."

"का? जखम भरली ना?"

"भरली, पण..."

"भरली म्हणूनच गौरव आहे ना, हुइलिंग? भरली नसेल तर आत्ता सांग. दुसरं नाव पाठवते. दातांच्या विभागातली ती पोरगी केव्हापासून मागे लागलीय."

हुइलिंगने टेबलावरच्या काचेखाली दाबलेल्या फोटोंकडे बघितलं. मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. घाई नव्हती त्यांना. सापळा लावणाऱ्याला घाई नसतेच.

"भरलीय," हुइलिंग म्हणाली.

"मग झालं. दहा मिनिटांचं काम आहे."

चौथ्या मजल्यावर ही बातमी पोचली तेव्हा मेंग आजीला आभाळ ठेंगणं झालं. कारखान्यात इतकी वर्षं राबली, पण स्टेजवर कधी चढली नव्हती. बक्षिसं मुकादमाच्या मेहुण्यांना मिळायची. तिने चीपिंगला पताका शिवायला पिटाळलं, लाल जाकीट मागवलं, लियाओ काकूंकडून केस काळे करून घ्यायचं ठरवलं.

"आजी, केस राहू द्यात," हुइलिंग म्हणाली. "पांढरेच बरे दिसतात फोटोत."

"का, मी काय मयताला चाललेय? पोरीला कायम करायला चाललेय. नवरीच्या आईसारखं दिसायला नको?"

चीपिंग स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हुइलिंग निघाली तसा तो जिन्यापर्यंत मागोमाग आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच म्हणाला होतात बसवायचं नाही. आता चालेल?"

ही एक घटका होती, साहेब. जिन्यावर दुसरं कोणी नव्हतं. "नाही चालणार" एवढं म्हटलं असतं तर चीपिंगने आईला हलू दिलं नसतं. आईशी भांडला असता, पण हलू दिलं नसतं.

"चालेल," हुइलिंग म्हणाली. "कातडी आता पक्की झालीय."

त्याने मान डोलावली. माणूस दिवसभर रस्त्यावर असतो, सिग्नल हिरवा म्हणाला की गाडी काढतो. तसा तो हिच्यावर विसंबला.

गौरवाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. सकाळची पेज पोटात गेली न गेली तोच चीपिंग आणि तीन लाल जाकीटवाल्यांनी म्हातारीला खुर्चीसकट चार मजले खाली आणलं. प्रत्येक वळणावर खुर्ची कठड्याला आपटली आणि प्रत्येक आपटीला म्हातारी म्हणाली, "सावकाश! आत अंडी आहेत."

जिल्ह्याच्या सभागृहात पाऊल टाकलं तर बाहेरच्याहून गार. गरम हवेची यंत्रं होती भिंतीवर, पण ती साहेबांची गाडी निघाल्याचा निरोप आल्यावर सुरू करायची, असा नियम. लोकांसाठी वीज जाळत नाहीत. कार्यक्रम जेवणाआधी होता, पण साहेब आधी नव्या पुलाची पाहणी करणार होते. निवेदक म्हणून केसांना तेल चोपडलेला एक माणूस आणला होता. त्याने मिळालेल्या वेळाचं सोनं करायचं ठरवलं.

"टाळ्यांची तालीम! डावी बाजू, आवाज कमी आहे. काकू, जेवला नाहीत का?"

"नाही जेवलो!" लाल जाकिटांतून कोणीतरी ओरडलं. "तुम्ही बाहेर सोडाल तर जेवू ना!"

हशा झाला. सगळ्यांत मोठ्याने मेंग आजी हसली.

मग तिची तालीम. दोन्ही हातांनी पताका पुढे करायची, मान झुकवायची आणि म्हणायचं: "तुम्ही मला पोटच्या लेकीहून जास्त जपलंत, तुमचे उपकार मी विसरणार नाही." आजीने पहिल्यांदा म्हटलं, "हिने माझं ढुंगण वाचवलं." निवेदक घामाघूम. पुन्हा. पुन्हा. शेवटी वाक्य तिच्या तोंडात बसलं, तसा निवेदक म्हणाला, "आता शेवटी थोडं रडता येईल का, आजी?"

"कोणासाठी?"

"म्हणजे, आनंदाने."

"आनंदाने रडायला मी काय बिनडोक आहे?"

फेई मॅडम खालून बघत होत्या. त्या स्टेजवर आल्या आणि वाकून म्हातारीच्या बुडाखाली बघितलं. "हे पिवळं काय आहे?"

"हवेची चकती," हुइलिंग म्हणाली. "तिच्यावरच बसवायचं असतं."

"एका बाजूला कलंडल्यासारखी दिसते ती. आणि पिवळं रबर सरळ दिसतंय. काढ."

"मॅडम..."

"दहा मिनिटांसाठी, हुइलिंग. साहेबांची गाडी निघाली."

हुइलिंगने काकूंना हाक मारली, दोघींनी म्हातारीला उचललं आणि हुइलिंगने स्वतःच्या हाताने चकती काढून पिशवीत टाकली. मॅडमचा हात लागला नाही, तुमचाही नाही. तो हात हुइलिंगचा होता, हे इथे लिहून ठेवतोय. तिला सोडायचं नाही.

गाडी निघाली नव्हती. पाहणी लांबली होती. थोड्या वेळाने पुन्हा निरोप आला, गाडी निघाली. यंत्रं सुरू झाली. मग कळलं की निघाली ती जेवणाकडे, यंत्रं बंद. लोकांना सांगितलं, कोणीही जागा सोडायची नाही, साहेब कधीही येतील. साहेब येतात तेव्हा एक खुर्ची रिकामी दिसता कामा नये. लघवीला जाणाऱ्या बायकांनासुद्धा जोडीने, पळत जा आणि पळत या, असं झालं.

स्टेजच्या मागच्या खोलीत मेंग आजी बसली होती. पहिल्यांदा तिचं तोंड चालू होतं. "साहेब पायी येतायत का गं? माझा नवरा लग्नाला आला तो नावेतून, वादळात, तरी ह्याच्या आधी आला." मग विनोद कमी झाले. मग ती नुसती ओठ आवळून बसली, आणि तिचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. अंगाचा भार हातांवर घेत होती.

"आजी, इथे टेबल आहे. आडवं करते तुम्हाला," हुइलिंग म्हणाली.

"जाकिटाला सुरकुत्या पडतील," फेई मॅडम दारातून म्हणाल्या. "आणि केस? आता पुन्हा कोण करणार? हुइलिंग, आणखी पाचच मिनिटं आहेत. इतकी वर्षं वाट बघितलीस, पाच मिनिटं बघवत नाही?"

लियाओ काकूंचं डोकं फिरलं. "बाई माणूस जखमेवर बसलंय मॅडम, तुम्हाला अक्कल आहे का?"

"काकू, तुमचंही नाव आहे यादीत. सांभाळून बोला."

काकूंनी मॅडमना ढकलून बाहेर जाऊन फोन लावला. साहेबांचा सचिव, म्हणजे तुमचा सचिव, त्यांचा शाळेतला विद्यार्थी. दाराशी उभ्या बायांनी सगळं ऐकलं. काकू म्हणत होत्या, "अरे, मी लियाओ बाई. तुला पाढे मी शिकवले. इथे एक म्हातारी जखमेवर बसवून ठेवलीय. सकाळपासून. साहेबांना सांग, यायचं तर या, नाहीतर आम्ही तिला घरी नेतो. हो, आत्ता सांग. जेवायला बसले असले तरी सांग." फोन ठेवून त्या आत आल्या. "सांगतो म्हणाला."

मग सगळ्यांनी वाट बघितली. निरोप गेला होता.

"आजी, चला घरी," काकू म्हणाल्या. "गेला खड्ड्यात तो गौरव."

"कुठे चला?" म्हातारी फिस्कारली. "इतकं बसले ते काय हवा खायला? पोरीला कायम होऊ दे. माझं ढुंगण तसंही कंत्राटीच आहे."

सगळ्या हसल्या. हुइलिंगने खाली वाकून, पांघरूण नीट करते असं दाखवत, म्हातारीच्या खाली हात सरकवला. पँट ओली होती. लघवीचा ओलेपणा पातळ आणि कोमट असतो. हा चिकट होता. तिने उन्हाळाभर ह्याच जागेवर हात ठेवला होता, हात चुकणं शक्य नव्हतं. तिने हात काढला, कागदी रुमालाला पुसला, रुमाल चुरगाळून खिशात घातला.

"काय गं?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही, आजी. घाम आहे."

"थंडीत घाम? म्हणजे मी अजून तरुण आहे."

आणि तेवढ्यात भिंतीवरची यंत्रं घुरघुरली, बाहेर टाळ्या सुरू झाल्या. साहेब आले होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. खुर्ची स्टेजवर आली. तुम्ही हसत पुढे झालात आणि म्हणालात, "बसा, बसा आजी, उठू नका!" सभागृह हसलं, तुमचा विनोद होता ना. मेंग आजीने दोन्ही हातांनी पताका पुढे केली. वाक्य तिने एकही शब्द न चुकता म्हटलं, आणि शेवटी ती रडली. निवेदकाने काकूंच्या कानात म्हटलं, "बघा, जमलं की नाही!" तुम्ही डोळे पुसलेत. हुइलिंग माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी त्यांना माझ्या आईसारखं मानते." टाळ्या कडाडल्या. डावी बाजूसुद्धा.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावर पँट कातडीपासून सुटेना. हुइलिंगने मिठाचं पाणी घालून घालून ती सोडवली. कापडाबरोबर कातडी आली. खाली मांस जवळजवळ उरलंच नव्हतं, होतं ते काळं, आणि मधोमध पांढरं काहीतरी. दिवा धरून उभा असलेला चीपिंग म्हणाला, "ते पांढरं काय आहे, सिस्टर?"

"हाड."

तिसऱ्या दिवशी ताप चढला. मोठ्या इस्पितळाने ह्या वेळी घेतलं, पण रक्तात विष पसरलं होतं. तापात म्हातारी दोन्ही हात पुढे करायची आणि ते वाक्य म्हणायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईला, सलाईनच्या बाटलीला, कोणालाही. "तुमचे उपकार मी विसरणार नाही." तालमीत इतकं घोटून घेतलं होतं की तिची शुद्ध गेली, मुलाची ओळख गेली, वाक्य गेलं नाही. नव्या वर्षाचे लाल कंदील वस्तीत लागत होते तेव्हा ती मेली. तिच्या तोंडून शेवटी काही शहाणपणाचं निघालं असेल असं वाटत असेल तर तसं नाही. ते वाक्यच निघालं, अर्धं.

सणानंतर केंद्राच्या दारातल्या फळ्यावर कागद लागला: दू हुइलिंग हिला कायम करण्याचं ठरलं आहे, कोणाची हरकत असल्यास आठवड्याच्या आत कळवावी. अशी हरकत आजवर कोणी घेतली नाही. कागद लागतो, आठवडा जातो, माणूस कायम होतो. हुइलिंग त्या फळ्यासमोरून मान खाली घालून जायची. दरवाजा वाजला की दचकायची. फेई मॅडम म्हणाल्या, "घाबरतेस काय? म्हातारी माणसं जातात. येनच्या घरी फळं पाठवलीत आपण."

शेवटच्या दिवशी चीपिंग आला. ड्रायव्हरचा गणवेश, दंडाला दुखवट्याची काळी पट्टी. फळ्यावरचा कागद त्याने वाचला. मग औषधाच्या रांगेतल्या लोकांच्या मधून वाट काढत हुइलिंगच्या खिडकीशी उभा राहिला.

"सिस्टर, एकच विचारायचं आहे. जिन्यात मी विचारलं होतं, बसवलं तर चालेल का. तुम्ही चालेल म्हणालात. चालणार नाही हे तुम्हाला माहीत होतं का?"

फेई मॅडम लगबगीने बाहेर आल्या. "चीपिंग दादा, आत या ना. चहा घ्या."

"चहा नको."

"हे बघा, आजींचं वय..."

"तुमच्याशी बोलत नाही मी. सिस्टर?"

"हुइलिंग," मॅडम दातांत म्हणाल्या, "विचार करून बोल."

हुइलिंगने विचार केला असेल. आजचा दिवस, मग उद्यापासून आयुष्यभर झोप. समोर उभा माणूस अडाणी, कागदपत्रं काही नाहीत, साक्षीदार नाही. जिना रिकामा होता. "मला वाटलं पक्की झाली" एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "जिन्यातही माहीत होतं आणि चकती काढली तेव्हाही. स्टेजवर नेण्याआधी मी हात लावून बघितलं होतं. उघडली होती. आजींना मी घाम आहे म्हणाले."

चीपिंग आता मारेल असं लोकांना वाटलं. तो म्हणाला, "मी बस फुटपाथवर घातली असती तर मला आत टाकलं असतं." मग मॅडमकडे वळून म्हणाला, "माझी हरकत आहे. लिहून घ्या."

लिहून घेतली. हुइलिंगचं नाव फळ्यावरून उतरलं आणि वसंतात कंत्राटही संपलं, पुन्हा झालं नाही. सगळा दोष कंत्राटी नर्सचा, केंद्राचा काही संबंध नाही, असा निकाल लागला. गंमत बघा, उत्कृष्ट कर्मचारी ही पदवी मात्र काढून घेतली नाही. काढून घ्यायची तर तुमच्याबरोबरचा फोटो भिंतीवरून काढावा लागला असता. म्हणून भिंतीवरच्या फोटोत ती आजही आहे, उत्कृष्ट आणि कामावरून काढलेली. एका खाजगी वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना कुशीवर वळवते. वस्तीत तिच्याशी कोणी बोलत नाही. लियाओ काकूही नाहीत, चीपिंग तर नाहीच. तिची कीव करा असं कोणी म्हणत नाही, तीही नाही.

काकूंनी नंतर तुमच्या सचिवाला फोन केला. "माझा निरोप दिला होतास का रे?"

तो म्हणाला, "बाई, असल्या गोष्टी फोनवर बोलत नसतात."

मग त्या त्याच्या घरी गेल्या. तो घरी नव्हता. मग चीपिंग तुमच्या कचेरीच्या तक्रार खिडकीवर गेला. लिहून द्या म्हणाले. दिलं. उत्तर येईल म्हणाले. आलं नाही. पुन्हा गेला तर म्हणाले, तुमच्या प्रकरणात दोषी व्यक्तीवर कारवाई झालेली आहे, आता कशाचं उत्तर?

साहेब, प्रश्न एकच आहे आणि तो लहान पोराला कळेल असा आहे. तुम्ही जेवणाच्या टेबलावर होतात. लियाओ बाईंचा निरोप निघाला होता: एक म्हातारी जखमेवर बसली आहे, येता का, नाहीतर तिला घरी नेतो. तो निरोप तुमच्या कानात कोणी सांगितला की नाही सांगितला? सांगितला असेल, तर त्यानंतर आणखी किती पदार्थ आले टेबलावर? एका नर्सने रांगेतल्या लोकांसमोर, पोटावर पाय येणार हे माहीत असून, "माहीत होतं" म्हणून दाखवलं. तुमच्या पोटाला काही होणार नाही. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?

बोला.